नांदेडच्या पंगतीत
आज नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन झालं. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत! वारीला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी इथे माथा टेकावा, असं अगदी मनापासून वाटतं.

लंगरमध्ये पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढे करायचे. वाढणारे आजोबा ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत वाकले, गरम पोळी ओंजळीत आली आणि डोळे भरून आले. डाळही काय सुंदर होती!

रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून आणून अंगीठा साहिबला, म्हणजे गुरू गोविंदसिंगजींच्या अंत्यसंस्काराच्या जागी असलेल्या गाभाऱ्याला, स्नान घालतात. ती सेवा बघायला उद्या लवकर उठतेय. नांदेडकर मंडळी, कुणी येताय का सोबत?