तुम्ही विचारलंत म्हणून: अटिलाच्या आधी कोण?

हूणांचा राजा अटिला, त्याचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हूणांना त्यानेच एकत्र आणलं ना?" त्याने नव्हे, त्याच्या चुलत्याने. नाव रुआ, काही ग्रंथांत रुगिला. (आपल्याकडचे तोरमाण आणि मिहिरकुल शतकभर नंतरचे, त्यांचं राज्यही वेगळं. हे युरोपातल्या हूणांचं चाललंय.)

रुआच्या आधी हूणांत सरदार पुष्कळ, पण सगळ्यांवर हुकूम चालवणारा कुणी नाही. उल्डिनचंच घ्या. इ.स. ४०८ मध्ये तो डॅन्यूब ओलांडून रोमन मुलखात घुसला. तहाची बोलणी करायला आलेल्या रोमन अधिकाऱ्याला उगवता सूर्य दाखवून म्हणाला, याचा उजेड पडतो तेवढी सगळी जमीन मी सहज जिंकेन. इकडे रोमनांनी त्याचीच माणसं आतून फोडली. फौज पांगली आणि स्वारी कशीबशी नदीपार पळाली.

रुआचा कारभार बघितला की वाटतं, ही फजिती त्याने पक्की लक्षात ठेवली होती. सुरुवातीला भाऊ ऑक्टार राज्यात भागीदार होता. तो ४३०च्या सुमारास वारला. अति खाऊन रात्रीतच गेला, असं एका चर्च-इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पुढे सत्ता एकट्या रुआच्या हाती.

पूर्व रोमकडून त्याला दरवर्षी ३५० पौंड सोनं मिळत होतं, आजच्या हिशेबाने ११४ किलोच्या आसपास. माझ्या मते एकीचं निम्मं रहस्य इथेच आहे. लूट ज्याची त्याची असते. खंडणी मात्र राजाच्या हाती येते आणि सरदारांना ती त्याच्याकडूनच घ्यावी लागते.

उरलेलं निम्मं त्याच्या एका मागणीत दिसतं. अमिल्झुरी, इतिमारी, बोइस्की अशा काही टोळ्या रुआला झुगारून रोमनांच्या आश्रयाला गेल्या होत्या. त्याने एस्लास नावाचा वकील पूर्व रोमच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला धाडला: आमचे पळालेले सगळे परत करा, नाहीतर तह मोडला समजा. वरवर बघता हा रुसवा वाटतो. पण रुआशी पटलं नाही की रोमनांची चाकरी धरायची, ही वाट उघडी असेतोवर कुठला सरदार त्याला जुमानणार? ती बुजवल्याशिवाय राज्य टिकणार नव्हतं.

हे काम तडीला जायच्या आत, ४३४च्या सुमारास, रुआ मेला. कॉन्स्टँटिनोपलवाल्यांनी वीज पडून मेल्याचं सांगितलं आणि देवाचे आभार मानले. आनंद फार टिकला नाही. ब्लेडा आणि अटिला या पुतण्यांनी मार्गस इथल्या तहात खंडणी दुप्पट, म्हणजे ७०० पौंड करून घेतली. पळून आलेल्या हूणांना आश्रय द्यायचा नाही, हेही रोमनांकडून कबूल करून घेतलं. परत मिळालेल्यांत मामा आणि अटाकाम अशा नावांची राजघराण्यातलीच दोन मुलं होती. त्यांना थ्रेसमधल्या कार्सम किल्ल्यापाशी ताब्यात घेतलं आणि तिथेच सुळावर चढवलं.