आमची वाटचाल: प्रेस शॉप आणि नवी मुले

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही प्रेस शॉप, म्हणजे प्रेस यंत्राने पत्र्याचे भाग कापण्या-वाकवण्याचे काम, सुरू केले, तेव्हा वॉशर आणि क्लॅम्पसारखी साधी कामे मिळत आणि ती करायला आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली किंवा बारावीनंतर मराठवाड्यातून आलेली मुले येत. पॉवर प्रेसमध्ये बोट जाणे हा या धंद्यातला जुना अपघात, आणि ‘पोरांचे लक्ष नसते’ हे त्याचे ठरलेले उत्तर. ते आम्हाला कधीच पटले नाही.

पिन क्लचच्या, म्हणजे फिरते चाक पिनेने जोडून चालणाऱ्या, प्रेसचा स्ट्रोक (खाली-वर एक फेरी) एकदा सुटला की मध्येच थांबवता येत नाही, आणि स्प्रिंग तुटली किंवा पिन झिजली तर पेडलवर पाय नसतानाही रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, पुन्हा खाली येऊ शकतो. मुरलेल्या ऑपरेटरला क्लचचा बदललेला आवाज कळतो. नव्या मुलाला तो कळतोच असे नाही, आणि कळला तरी काम थांबवून सुपरवायझरला हाक मारण्याचा धीर त्याला होत नाही.

म्हणून आधी डायभोवती, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती, पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही, अशी बंद जाळी बसवली. पुढे भांडवल जमेल तशा न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या, दोन्ही हातांनी बटणे दाबल्यावरच चालणाऱ्या प्रेस घेतल्या. तिथेही पोरे हुशार: एक बटण टेप लावून दाबून ठेवले की एक हात मोकळा राहतो. त्यावर प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणे सुटून पुन्हा एकदमच दाबली गेली पाहिजेत, असे सर्किट करून घेतले. अर्थात ही बटणे ऑपरेटरचे हात राखतात, शेजारी उभ्या हेल्परचे नव्हे. त्यामुळे बाजूच्या जाळ्या काढलेल्या नाहीत.

टेप लावण्याची बुद्धी पीस रेटमुळे, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीमुळे, होते, म्हणून नव्या मुलाला सुरुवातीचे काही महिने ठरावीक पगारच देतो. धोका पूर्ण समजावल्याशिवाय आणि प्रशिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर अठरा वर्षांखालील कामगार नेमू नये, ही नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना कायद्यातल्या कलम 23ची अट होती. अठराखालील कोणाला आम्ही घेतच नाही, पण तीच अट विशीतल्या मुलांनाही लावतो.

जाळीचा खर्च ग्राहक कंपन्या नगाच्या दरात धरत नाहीत. उरलेल्या पिन क्लचच्या प्रेसवर आता फक्त जाळीने बंद केलेल्या डायचेच काम घेतो. बाकीच्या ऑर्डर परत जातात.