जालना ते परभणी, नव्या दातांनी

आज दवाखान्याची सातवी खेप झाली. खालची कवळी डाव्या अंगाला जिभेखाली टोचत होती. डॉक्टर मॅडमनी आतून पांढरी पेस्ट लावली, कवळी बसवून दाबली, पेस्ट जिथून पुसली गेली तेवढी जागा यंत्राने जराशी घासली. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी मी चार दिवस भाकरी वरणात कुस्करून गिळत होतो. मध्ये एकदा घरची कानस काढून स्वतःच घासायला बसलो होतो, पण बायकोने कानस लपवली. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "काका, काकूंचे आभार माना." मागची खेप मात्र मीच वाया घालवली. दुखतं म्हणून दोन दिवस कवळी रुमालात बांधून ठेवली अन् तशीच नेली. तोंडात नसली की फोड बरा होतो, मग टोचतं कुठे ते दिसणार कसं? येण्याआधी निदान एक दिवस घालून या, असं आता बजावून सांगितलंय.

दात किडले असतील असं सगळ्यांना वाटतं. माझा एकही किडला नव्हता. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, तमाकू-चुना तेवढाच काळ. हिरड्या सुजल्या, मागे सरकल्या, दात हलायला लागले. हलता दात जिभेने ढकलायची सवय लागली होती, तिकीट फाडता फाडता ढकलत राहायचो. एकेक करून सगळेच गेले.

ही माझी दुसरी कवळी. पहिली जिथे केली त्यांचं नाव लिहीत नाही. शेवटचे दात काढल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी माप घेतलं. मलाही घाईच होती, पुतण्याचं लग्न होतं. पण दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, अन् सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. वर्ष झालं नाही तोच कवळी तोंडात खुळखुळायला लागली. नळावर खाली वाकून चूळ भरली तर खालचा अर्धा भाग थेट मोरीत. या वेळी पाच खेपा नुसत्या करण्यातच गेल्या. आधी माप, मग पुन्हा बारीक माप, मग मेणाच्या कडा चावून जबडे कसे मिटतात ते पाहणं, मग मेणात बसवलेले दात घालून आरशात बघणं, अन् शेवटी खरी कवळी. मेणातले दात पाहून बायको म्हणाली, "फार पांढरे नकोत, शेजारी म्हणतील म्हातारा लग्नाला निघाला." म्हणून जरा पिवळसर घेतले.

वरची कवळी चांगली धरते. तिला टाळू मिळतो. मध्ये थुंकीचा पातळ थर असतो, दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी ती चिकटते. पण टाळू झाकला गेला अन् गरम भाकरीचा चटकाच गेला. चव लागते, ऊन ऊन लागत नाही. याची चुटपुट मला दातांपेक्षा जास्त आहे. खालचीला बसायला घोड्याच्या नालेएवढी जागा, अन् मध्ये जीभ. तिला इतकी वर्षं रान मोकळं होतं, आता ती कवळीला ढकलते. समोरच्या दातांनी पेरू तोडायला गेलं की कवळी मागून उचलते. घास लहान घ्यायचा, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. अन् जोर म्हणाल तर मूळ दातांच्या चौथाईएवढा असेल. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला. एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणतात, माझ्या कवळीखाली गेलेला तीळ चौदा जणांना पुरला असता.

खरी फजिती बोलण्याची. मॅडम म्हणाल्या, रोज मोठ्याने वाचा. मी काय वाचणार? मला पाठ आहे तो रूट. पहाटे न्हाणीत दार लावून सुरू करतो: जालना, वाटूर, मंठा, चारठाणा, जिंतूर, बोरी, झरी, परभणी. जालन्याचा ज वेगळा, जिंतूरचा वेगळा, हे आयुष्यभर ओरडूनही कधी ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोन्ही ज एकच, अन् चारठाण्याला शिट्टी वाजायची. आता चारठाणा ठीक आहे. झरी अजून नाही. परवा आतून आवाज आला, "अहो, झरी गेली का मागं? चहा निवतोय."

निगा ठेवायची तर आमच्या बोअरच्या पाण्याने वैताग आणलाय. जड पाणी, कवळीवर पांढरा थर बसतो. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने साबण लावून धुतो, मग चांगली खळाळतो. दातांची पेस्ट लावायची नाही, चरे पडतात. उकळत्या पाण्यात टाकायची नाही, आकार बिघडतो. धुताना खाली बादलीत पाणी भरून ठेवतो, हातातून निसटली तर फरशीवर नको.

रात्री काढूनच झोपायचं, हिरड्यांना मोकळीक हवी, नाहीतर टाळूला बुरशी धरते. सुरुवातीचे काही महिने मी दुसऱ्या खोलीत जाऊन काढायचो. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर बोळकं दाखवायची लाज. मग एका रात्री लाईट गेली, अंधारात डबा सापडेना, तीच टॉर्च घेऊन आली. काही बोलली नाही. डबा हातात दिला अन् टॉर्च भिंतीकडे वळवली.

आत्ताही डबा उशाशी आहे. भावाच्या शेतात उद्या हुरडा आहे, सुरती कणसं भरलीत म्हणे. "जाऊ या का?" मी बोळक्या तोंडाने विचारलं. काय ऐकू गेलं असेल देव जाणे.

"जाऊ," ती म्हणाली. "पण डबा अन् तांब्याभर पाणी बरोबर घ्या. अन् माझ्या वाट्याची कणसं तुम्ही भाजा."