माडाचा मुद्दा आणि मधला सांधा

मंडळी, युक्तिवादाचा निबंध शिकण्याच्या खटाटोपाची ही पुढची नोंद. या खेपेचा विषय माड. गोव्यात त्यासाठी कुठे शोधाशोध करावी लागत नाही, परसात उभं राहिलं तरी पुरतं.

बाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वृक्षतोडीवर अंकुश ठेवणारा गोव्याचा कायदा १९८४ चा. २०१६ साली दुरुस्ती करून नारळाला त्यातून वगळलं. तेव्हाचं समर्थन दुहेरी होतं. एक, नारळाला फांद्या नसतात, म्हणून तो वृक्षच नव्हे. दोन, म्हातारे माड काढून नवे लावायला बागायतदाराला परवानगीची कटकट नको. पुष्कळ आरडाओरड झाली आणि निवडणुकीनंतर, २०१७ त, माड पुन्हा वृक्ष झाला. नुसता वृक्ष नाही, राज्यवृक्ष.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिल्या खर्ड्यात माझं वाक्य होतं, ‘नारळ हा गोमंतकीय संस्कृतीचा अविभाज्य घटक आहे.’ शाळेत या वाक्याला हमखास चांगले गुण मिळत. पण याला ‘नाही’ म्हणणारा कुणी शहाणा माणूस डोळ्यांसमोर येतो का? नाही येत. म्हणजे हा दावाच नव्हे, ही आरती. आता कुठलंही वाक्य दावा म्हणून लिहिलं की मी ही चाचणी लावते. बऱ्याच काटछाटीनंतर उरलेलं वाक्य असं: ‘माड तोडायला परवानगी लागलीच पाहिजे, मात्र म्हाताऱ्या किंवा रोगट माडाच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असं धरावं.’ यावर पर्यावरणवालेही चिडतील आणि बागायतदारही. मला हवं ते हेच.

आता खरी मजेची गोष्ट. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी दिली, तिच्यात दावा असतो, आधार असतो आणि त्या दोहोंना जोडणारं एक बहुधा न बोललेलं विधान असतं. मी त्याला सांधा म्हणते. ‘नारळाला फांद्या नाहीत’ हा आधार. ‘म्हणून तो कायद्यातून काढा’ हा दावा. आमच्याकडचे बहुतेक लोक आधारावर तुटून पडले: माडाला गवत म्हणता काय, अमुक म्हणता काय! पण फांद्या नाहीत हे खरंच आहे की. तिथे भांडून हाती काय लागणार? न बोललेलं विधान वेगळंच आहे: ‘कायद्यातल्या शब्दाने वनस्पतिशास्त्राच्या मागून चालावं.’ तो सांधा उघडा करून मधे ठेवला की वाद एकदम जागेवर येतो.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हे आधीपासून आहेच. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातला नियम इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. यातलं उदाहरण कसं असावं? सामान्य माणूस आणि जाणकार, दोघांचंही ज्यावर एकमत आहे असं. ही अट मला फार आवडली. आपल्या बाजूच्यांनाच पटणारी उदाहरणं देऊन आपण किती पानं भरतो!

तर मला दोन्ही बाजूंना मान्य होईल असं उदाहरण हवं होतं. ते सापडलं बांबूत. बांबू खरोखरच गवताच्या कुळातला. तरीही १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडाच्या जातीची झाडं आणि बांबू, दोन्ही घातलेली होती. बांबू बाहेर काढला २०१७ च्या दुरुस्तीने, म्हणजे इथे माड आत आला त्याच वर्षी. आणि बांबू काढला तो गवत आहे असा नव्याने शोध लागला म्हणून नाही, तर जंगलाबाहेर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला तोडणी-वाहतुकीच्या परवान्यातून सोडवायचं होतं म्हणून. म्हणजे कायदा हेतू बघून शब्द ठरवतो, कूळ बघून नाही. हा परिच्छेद लिहून झाल्यावर मी चहा ठेवला आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन प्यायले.

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर खर्डा मामांना वाचायला दिला. पेडण्याला त्यांचं माडांचं भाट (बाग) आहे, आणि ते माझ्याशी कशावरच सहमत होत नाहीत. पूर्वपक्षासाठी, म्हणजे विरोधी बाजू मांडायला, असा माणूस घरात असणं हे भाग्य.

‘लिहिलंस बरं गो,’ ते म्हणाले, ‘पण तुझा बांबू माझ्या बाजूने बोलतोय. त्याला शेतकऱ्यासाठी सोडला ना? मग मला का नाही सोडत? माड म्हातारा, पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही, नारळ पडून कौलं फुटतात. ते कोण भरणार, तुझा निबंध?’

‘मामा, हे असंच्या असं लिहून घेऊ?’

‘घे. पण माझं आहे म्हणून मवाळ करू नकोस.’

मवाळ केलं नाही. कौलांसकट घातलं. उत्तरपक्षात, म्हणजे त्याला दिलेल्या उत्तरात, मग लिहिलं की बांबू कापला तरी त्याच बेटातून नवे कोंब येतात. माड कापला की तो संपला, आणि नवीन रोप फळाला यायला वर्षं जातात. म्हणून तोडण्याआधी कुणीतरी एकदा बघावं हे रास्त. पण मामांची अडचण खरी आहे, त्याचसाठी दाव्यात मुदतीची अट. मामा अजून मानत नाहीत. ‘मुदत कोण पाळतो’ म्हणतात. त्यावर मला तोडगा सुचलेला नाही, आणि निबंधात तसंच लिहिलंय.

भाषेवरही हात फिरवला. ‘षड्यंत्र’, ‘निर्लज्जपणे’, ‘जनता माफ करणार नाही’ हे सगळं गेलं. ‘सर्वच’च्या जागी ‘बरेचसे’ आलं आणि गंमत म्हणजे वाक्य जास्त ठाम वाटू लागलं. शेवटचा परिच्छेद मात्र अजून लंगडा आहे. आधीचंच पुन्हा सांगतो. तूर्तास तो कापून निबंध मुदतीच्या अटीवर थांबवलाय.

पुढचा विषय: दुपारी दुकानं बंद ठेवण्याची आपली रीत राहावी की जावी. मी ‘राहावी’ची बाजू घेतेय. ‘जावी’ची बाजू जीव तोडून लिहिणारा कुणीतरी हवा आहे, शक्यतो दुपारी बंद दारावरून परत फिरलेला.