तुम्ही विचारलंत म्हणून: आई ओरडते तो तुकडा मी का ठेवला

नाही, तो चुकून राहिलेला नाही. आत्याने विचारलं, मावसबहिणींनी विचारलं, चिपळूणच्या आमच्या आळीतल्या काकूंनी तर भर बाजारात थांबवून विचारलं, की आईच्या वर्षश्राद्धाला दाखवलेला व्हिडिओ एवढा छान झाला होता, मग मधेच ती खेकसते ते कशाला ठेवलंस? कापता आलं नाही का? येतं. दोन क्लिकचं काम आहे. मी बाकी खूप काही कापलंय आणि त्याबद्दल एकानेही चकार शब्द काढलेला नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर १९९८, माझं लग्न, दुसरी पंगत. व्हिडिओवाल्याचा पोरगा हॅलोजन घेऊन थेट पानांवर उभा. जेवणारे डोळे किलकिले करून भात कालवतायत. आई डाव्या बाजूने चित्रात शिरते, हातात तुपाचं भांडं, आणि म्हणते, "ए बाळा, तो दिवा हटव आधी! माणसं जेवतायत की चोर पकडलेत?" पोरगा दोन पावलं मागे सरतो. मग ती वळते. "आणि अहो, ह्या ओळीला मीठ नाही. तुम्ही नुसते उपरणं सांभाळत मिरवताय." बाबा कॅमेऱ्याकडे बघून कसनुसं हसतात. पुढचं गाणं सुरू होतं. सगळं मिळून अर्धा मिनिट.

तीन तासांच्या कॅसेटमध्ये आई बोलताना ऐकू येते ती एवढीच. व्हीएचएसवर चित्र पट्टीच्या मधल्या रुंद भागात असतं आणि साधा आवाज वरच्या कडेने वेगळा जातो. त्यामुळे चित्राला धक्का न लावता नुसता आवाज पुसून त्यावर दुसरा भरता यायचा, ऑडिओ डबचं बटणच असायचं त्यासाठी. तेव्हाचे सगळे व्हिडिओवाले हे करत आणि आपल्याला ते आवडत असे. मंगलाष्टकं झाली की सनई, सनई संपली की सिनेमातली गाणी. आई सबंध कॅसेटभर ओठ हलवतेय, कुणाची ओटी भरतेय, कुणाला हाताला धरून पानावर बसवतेय, आणि मागे कुठली तरी नायिका गातेय. पंगतीच्या वेळी एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायला त्याने जरा उशीर केला, आणि त्या फटीत मूळ आवाज शिल्लक राहिला.

आळशी होता म्हणून. देव त्याचं भलं करो.

बाकी सामग्री काय होती ते तुम्हाला माहीतच आहे. आल्बम खालच्या कपाटात होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात आली आणि जाताना त्यांचे चिखलाचे गठ्ठे करून गेली. ओले फोटो ओढून सुटे करायचे नसतात, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायचे, आणि वेळ नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाकायचे, हे मी नंतर वाचलं. तेव्हा आमचा फ्रीज स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता. कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, पण कोकणातले पावसाळे काढलेली पट्टी ती, कडेला पांढरी बुरशी. तशीच मशीनमध्ये घातली तर हेड जातं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली ते बंद केले. पुण्यात पेठेतल्या एका गृहस्थांकडे दोन चालू यंत्रं निघाली. त्यांनी पट्टी हाताने पुसून मला फाईल करून दिली. इतक्या वर्षांनंतर पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या दुकानात, डोक्यावर त्यांचे हेडफोन. त्यांना म्हटलं, हे परत लावा. त्यांना वाटलं आवाज नीट आलेला नाही.

आता तुमचं पुढचं वाक्य मला पाठ आहे. "आवाजच हवा होता तर आरती होती की."

होती. आईला २०११ मध्ये झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि भाषा गेली. समोरच्याचं बरंचसं कळायचं, पण स्वतःचं काही सांगायला गेली की "हे… हे… बघ" यापुढे गाडी सरकायची नाही. तशी ती बारा वर्षं जगली. आणि तरी गणपतीत आरती सुरू झाली की तिला सगळी आरती शब्दन् शब्द यायची, सुरात, कुठेही न अडखळता. पाहुणे थक्क व्हायचे, म्हणायचे, देवाची कृपा, वाचा परत येणार. स्पीच थेरपीच्या बाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की ॲफेजियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा जाते त्यात, असं होतं. आरत्या, पाढे, वारांची नावं, शिव्या, जे जिभेवर बसलेलं असतं ते पुष्कळदा शाबूत राहतं. मनात आलेली गोष्ट शब्दांत मांडणं वेगळं, आणि ते गेलेलं असतं. आई सगळी आरती म्हणायची आणि ती संपल्यावर पाणी मागता येत नाही म्हणून रडवेली व्हायची. मी हे पाहिलंय. तुम्ही आरती झाली की प्रसाद घेऊन निघायचात.

म्हणून आरती नको होती मला. ते शब्द तिचे नव्हते. "चोर पकडलेत" हे तिचं होतं. दुसऱ्या कुणालाही त्या क्षणी ते सुचलं नसतं.

माझ्या मुलाने तिसराच मार्ग काढला होता. म्हणाला, एवढ्या आवाजावर एआय आजीला हवं ते बोलायला लावेल. फोटोसुद्धा मान हलवेल. मी विचारलं, हवं ते म्हणजे कुणाला हवं ते? तो गप्प बसला. हुशार आहे तसा.

आता वर्षश्राद्धाचा दिवस. तुमच्यातले बरेच जण जेवून आतल्या खोलीत लवंडले होते, म्हणून नीट सांगते. भावाने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. शाळेच्या साडीतले फोटो गेले, गुहागरच्या वाळूतला गेला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग पंगत आली आणि आई बोलली. आत्या मोठ्याने म्हणाली, "श्राद्धाच्या दिवशी हे काय गं?" कुणीतरी हसलं. माझा भाचा, भावाचा मुलगा, दहा वर्षांचा, एकदम उठून टीव्हीजवळ गेला. "आजी बोलते?" त्याने तिच्या मांडीवर बसून आरत्या ऐकल्या होत्या, पण ती कुणाशी बोलतेय हे त्याला नवीन होतं. आणि बाबा, जे सकाळपासून भटजींशी सोडून कुणाशी बोलले नव्हते, खुर्चीतून स्पष्ट म्हणाले, "मीठ वाढलं होतं मी. लिंबू राहिलं होतं."

एवढ्या वर्षांनी! लोक हसले, मीही हसले. मला वाटलं, जिंकले. यासाठीच तर ठेवला होता तो तुकडा. बाबांच्या चेहऱ्यावर भांडण उरलं होतं, आणि भांडायला समोर माणूस लागतं.

मग मी ताटं उचलायला मागे गेले. भावजय मोरीवर उभी होती. व्हिडिओ संपायच्या आधीच उठून आली होती. मी विचारलं, कसा वाटला? तिने नळ बंद केला. "चांगला झालाय. पण ताई, मी ज्यांना ओळखते त्या आई यात नाहीत."

तिचं लग्न २०१२ चं. तिने आईला कधी बोलताना ऐकलंच नाही. तिच्यासाठी आई म्हणजे ती बारा वर्षं: भरवणं, वेणी घालणं, "हे हे" म्हणजे आज चहा की खिडकी हे ओळखणं. पुराच्या रात्री भावाबरोबर आईला खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेणारी ती. मी पुण्याहून फोन करत होते आणि फोन लागत नव्हते. माझ्या व्हिडिओत २०११ नंतरचा एकच फोटो आहे, नातवाच्या बारशाचा, त्यातही आईचा उजवा हात शालीखाली आहे. तो मी मुद्दाम निवडला. व्हीलचेअर कापली, लाळेरं कापलं, वाकडं झालेलं हसू कापलं. मी स्वतःला सांगत होते की आईला आवडलं नसतं. आईला तर कॅमेऱ्यासमोर ओरडलेलंही आवडलं नसतं. ती कॅसेट लावली की तेवढ्यापुरती उठून आत जायची. म्हणजे आईची आवड हा मुद्दा मी सोयीने वापरला असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मी मोरीवर तिला थेरपीवाल्या बाईंचं सांगायला लागले, की आरतीतले शब्द कसे पाठांतरातले असतात वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या आरतीला माझ्याकडे बघून मान हलवायच्या. टाळ देऊ का विचारल्यावर. ते पाठांतर होतं का?"

यावर मी काही बोलले नाही, आणि त्यानंतर पुण्याला येईपर्यंत गाडीत मनातल्या मनात बोलत होते. मान हलवणं आणि बोलणं एक नाही. एक का नाही? आईची भाषा माझ्या कानांना लागते, भावजयीच्या कानांना लागत नाही, एवढाच फरक असेल तर मग मी ठेवला तो आईचा आवाज की माझ्या लहानपणाचा? पण मग त्या पोरालाही "आजी बोलते?" वाटलं, त्याचं काय? त्याचं लहानपण तर आरतीचं होतं.

असो. तुकडा राहणार. आत्याला पाहिजे तर मी तिच्यासाठी वेगळी, बासरीवाली प्रत करून देते. तशी एक केलेली आहे, पहिल्या खेपेला, गुलाबाच्या पाकळ्या पडणारी. वाईट नाहीये ती. मी तिच्यावर रडलेसुद्धा होते.

दुसरा व्हिडिओ व्हावा, बारा वर्षांचा, यावर आता घरात एकमत आहे. मी भावजयीला म्हटलं, तू कर, फोन तुझा, व्हिडिओ तुझे. ती म्हणते, मला ते येत नाही, ताई, तुम्हीच करा, पण मी सांगेन तसा. मी म्हटलं, व्हीलचेअर ठेवू, पण लाळेरं नको. ती म्हणते, लाळेरं तिने स्वतः शिवलं होतं, चिंटाचं, चार रंगांत, आणि आई त्यातलं हिरवंच मागायच्या. कसं मागायच्या, मी विचारलं. तिने करून दाखवलं. सध्या आमचं तिथेच अडलंय.