भिंतीवर एक भाव, चिठ्ठीवर दुसरा

दूध केंद्राच्या हिशोबात पैसे कमी पडले की मालक बोंबलतो. आमच्या तात्यांची झोप उडाली ती पैसे उरायला लागले म्हणून.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराकडेला. इकडं शेतीपेक्षा दुधाचा आणि खव्याचाच भरवसा जास्त. तात्यांच्या केंद्रावर साठेक घरं सकाळ-संध्याकाळ दूध घालतात आणि दर १० दिवसांनी बिल निघतं. सगळं वहीवर चालायचं. मी लातूरहून बीसीए करून आलो आणि छाती फुगवून म्हणालो, "तात्या, सॉफ्टवेअर विकत कशाला घेताय, मी लिहितो की." महिनाभरात पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंही. दुधातलं फॅट, म्हणजे स्निग्धांश, ज्यावर लिटरचा दर ठरतो, त्या मशीनचा आकडा थेट संगणकात, लिटर काट्यावरून, आणि दूध घालणाऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी.

तीन बिलं गेली. डेअरीकडून आलेली रक्कम एकीकडं, वाटलेले पैसे आणि तात्यांचं कमिशन दुसरीकडं. दर बिलाला चौदाशे-पंधराशे रुपये शिल्लक. तात्या म्हणाले, "आरं, हे पैसे कुणाचे हायेत? मला झोप यायली नाही."

मी दोन दिवस बेरजा तपासल्या. बेरजा बरोबरच होत्या.

उत्तर आणलं ते गल्लीतल्या आक्कानं. तिच्या दोन गाई. ती चिठ्ठी घेऊन भिंतीवरच्या दरपत्रकापुढं उभी राहिली आणि बोट ठेवून म्हणाली, "बाळा, साडेतीन फॅटला इथं ३३.४५ लिवलंय. चिठ्ठीवर ३३.१५ कसं आलं?"

३३.१५ हा ३.४ फॅटचा दर. म्हणजे तिला एक पायरी खालचा दर लागला होता, लिटरमागं ३० पैसे कमी. मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. ३.०, ३.१, ३.२ ला दर बरोबर. ३.३ पासून ४.१ पर्यंत सगळ्यांना एक पायरी खालचा. मशीन नीट, दरपत्रक नीट, आणि प्रोग्राममधला फॅटच्या पायऱ्यांचा तक्ता स्क्रीनवर छापून पाहिला तर तोही नीट: ३.३०, ३.४०, ३.५०.

घोळ त्या छापण्यातच होता. स्क्रीन नीटनेटकी दिसावी म्हणून मी सगळे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवत होतो. ते बंधन काढलं आणि ३.३ च्या जागी हे दिसलं: ३.३००००००००००००००३. आणि ३.५ च्या जागी ३.५००००००००००००००४.

तक्ता मी ३.० पासून सुरू करून दर वेळी ०.१ मिळवत तयार केला होता. दर शोधताना अट होती, मशीनचा फॅट त्या पायरीएवढा किंवा जास्त असेल तर ती पायरी लागू. मशीन म्हणतं ३.५, माझी पायरी त्याच्याहून केसभर वर. अट नापास, दर खालच्या पायरीचा. ३० पैसे गेले.

हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेपुरतं. संगणक दशांश अपूर्णांक साठवतो ते बहुतेक ठिकाणी आयट्रिपलई ७५४ या १९८५ सालच्या मानकाप्रमाणे, ६४ बिटांत, आणि तेही दोनाच्या घातांत. अर्धा, पाव, पाऊण, अष्टमांश हे त्याला चोख जमतात. एक दशांश मात्र जमतच नाही. आपण एक तृतीयांश लिहायला बसलो की ०.३३३ संपत नाही, तसंच त्याचं ०.१ बाबत होतं. मग तो जवळचा आकडा धरतो: ०.१००००००००००००००००५५५१११५ आणि पुढं आणखी शेपूट. एकदा चालून जातं. मिळवत गेलं की दर बेरजेला पुन्हा जवळचा आकडा धरावा लागतो आणि चूक कधी वर सरकते, कधी खाली. गंमत बघा, ३.५ हा आकडा संगणक अगदी बिनचूक साठवू शकतो, कारण तो साडेतीन आहे. मी त्याच्यापर्यंत ०.१ च्या वाटेनं गेलो म्हणून चुकलो.

हे आजोबांना सांगितलं तर ते हसले. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मी हिशोब लावून पाहिला: एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया, संगणकाला हा आकडा तंतोतंत जमतो. आजोबांच्या आण्यांत माझं सॉफ्टवेअर एकदाही चुकलं नसतं.

पहिली दुरुस्ती मी लाज वाटावी अशी केली. तुलना करताना मशीनच्या आकड्यात ०.०००१ मिळवून टाकले. पायऱ्या जुळल्या. पण आठच दिवसांत आक्का पुन्हा हजर, या वेळी हातात कॅल्क्युलेटर.

संध्याकाळचं दूध ३.५ लिटर, फॅट ३.४, दर ३३.१५. तिच्या कॅल्क्युलेटरवर ११६.०२५. आमच्या गावची रीत अशी की अर्धा पैसा आला की वर धरायचा, म्हणजे ११६.०३. चिठ्ठीवर ११६.०२. आत डोकावलं तर संगणकाचं उत्तर होतं ११६.०२४९९९९९९९९९९९. अर्ध्याला पोचलंच नाही, मग वर कसलं जातंय. कॅल्क्युलेटर बरोबर निघाला याचं आधी आश्चर्य वाटलं, पण असले साधे कॅल्क्युलेटर बहुधा दशमानातच एकेक अंक धरून हिशोब करतात.

मग पायथनच्या डेसिमलकडं वळलो, म्हणजे आकडे दशमानातच धरणाऱ्या सोयीकडं. इथं दोनदा आपटलो. एकदा डेसिमलला आकडा दिला ०.१, साधा, अवतरणचिन्हाशिवाय. तो आत पोचेपर्यंत आधीच बिघडलेला होता, डेसिमलनं ते शेपूट इमानदारीत जपलं. आकडा मजकूर म्हणून, अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. माझं मशीन तर ३.५ हे मजकूर म्हणूनच पाठवत होतं. मीच मध्ये हौसेनं त्याचं फ्लोट, म्हणजे तोच दोनाच्या घातांतला आकडा, करत होतो. ती ओळ काढली.

दुसऱ्यांदा आपटलो ते जास्त लागलं. आता गुणाकार बरोबर ११६.०२५ येत होता, तरी चिठ्ठीवर ११६.०२ च! अर्धी रात्र त्यात गेली. डेसिमलची मुळातली सवय अशी की बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम अंकाकडं जायचं, म्हणजे मोठ्या बेरजांत चूक एकाच बाजूला साचत नाही. ०२ आणि ०३ मध्ये ०२ सम. तत्त्व चांगलंच आहे, पण आक्काच्या कॅल्क्युलेटरपुढं ते टिकणार नाही. अर्धा वर न्यायचा हे स्पष्ट सांगावं लागलं.

शेवटी डेसिमलही सोडलं, कारण डेटाबेस एसक्यूलाइट होता. त्यात रकान्याला डेसिमल असं नाव दिलं तरी आत अपूर्णांक फ्लोट म्हणूनच बसतात. म्हणून सगळंच पूर्णांकात नेलं. दूध मिलिलिटरमध्ये, दर पैशांत, फॅट दहापट करून: साडेतीन म्हणजे ३५. तक्ता ३० पासून एकेक वाढवत जातो. ३५०० गुणिले ३३१५ म्हणजे १,१६,०२,५००. त्यात ५०० मिळवायचे, हजारानं भागायचं, बाकी सोडून द्यायची: ११,६०३ पैसे. दशांश चिन्ह फक्त चिठ्ठी छापताना येतं. ते ०.०००१ चं ठिगळही त्याच दिवशी काढून टाकलं.

तात्यांनी मागची सगळी बिलं पुन्हा काढायला लावली. घरोघरचा फरक पाकिटांत घातला. आक्काचे निघाले ९६ रुपये ३० पैसे. तिनं पैसे मोजले, कागदावरची बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा मारली, मान डोलावली आणि फॅट मशीनकडं बोट केलं.

"भाव बरोबर झाला म्हण. पर माझ्या गाईचं फॅट परवाला ३.८ होतं आन् आज ३.४ दाखवायलंय. हे बी जरा उघडून बघ की."