चाळिशीचा चष्मा गावात द्यायचा तर

तांदळातले खडे दिसेनासे होतात. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख दुकानदाराला विचारावी लागते. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं पाहताना त्याला पूर्वीसारखं फुगता येत नाही, आणि साधारण चाळिशीपासून हे जाणवायला लागतं. म्हणूनच मराठीत या चष्म्याचं नावच ‘चाळिशी’ पडलं. यावर उपाय आहे तयार प्लस नंबरचा चष्मा. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात ८२ कोटींहून जास्त लोकांना तो मिळालेला नाही.

काच महाग आहे म्हणून हे अडलेलं नाही. महाग पडतं ते तालुक्याला जाणं: एसटीचं भाडं, बुडालेली रोजी, आणि दुकानात ‘आठ दिवसांनी न्यायला या’ म्हटल्यावर पुन्हा तेवढाच खर्च. त्यामुळे स्वस्त चष्म्याचा कार्यक्रम करायचा तर पहिला नियम हा की तपासणी आणि चष्मा एकाच जागी, एकाच बैठकीत मिळाला पाहिजे. ‘नंतर पाठवू’ म्हणून लिहून घेतलेले चष्मे बरेचदा पोचत नाहीत, आणि पोचले तरी नाकावर बसतात की नाही हे बघायला तिथे कोणी नसतं.

शंभर माणसांच्या तपासणीसाठी पेटी भरताना सुरुवातीला असं प्रमाण ठेवा: +१.०० चे १०, +१.५० चे २५, +२.०० चे ३०, +२.५० चे २५, +३.०० चे १०. वस्तीत वयस्कर माणसं जास्त असतील तर वरचे दोन नंबर वाढवा. प्रत्येक वेळी परत आल्यावर उरलेले मोजा आणि पुढची पेटी त्यावरून भरा. +१.०० चे ढीगभर उरणं आणि +२.५० दुपारीच संपणं, ही ठरलेली चूक आहे. +२.५० संपले की हाताशी आहे तो +३.०० देण्याचा मोह होतो. तो देऊ नका. नाव लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात तेवढ्यासाठी पुन्हा जा.

फ्रेमचे निदान तीन आकार आणि तीन-चार रंग ठेवा, आणि आरसा विसरू नका. गरिबाला फुकट मिळतंय म्हणजे काहीही चालेल, हा समज चुकीचा आणि अपमानकारक आहे. फ्रेम शोभत नसेल तर चष्मा घरी जाऊन कोनाड्यात पडतो.

माल हाती आल्यावर आधी तो तपासा. यंत्र लागत नाही. दाराबाहेरचं लांबचं झाड किंवा छपराची कड घ्या आणि काचेतून तिची उलटी प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. ती स्पष्ट झाली की काचेपासून कागदापर्यंतचं अंतर मोजा: +१.०० ला १०० सेंटिमीटर, +२.०० ला ५०, +२.५० ला ४०. दोन्ही काचांचं अंतर वेगळं आलं तर तो चष्मा बाजूला काढा. दुसरी तपासणी काचेच्या मध्याची. कागदावर मोठी फुली काढा, हातभर अंतरावरून काचेतून पाहा. काचेतली रेघ आणि बाहेरची रेघ सरळ जुळली, तिथे काचेचा मध्य. त्यावर पेनने ठिपका द्या. दोन ठिपक्यांतलं अंतर ५८ ते ६४ मिलिमीटरच्या आसपास असावं आणि दोन्ही ठिपके एका पातळीत असावेत.

हे का, ते समजून घ्या. मध्यातून नजर जितके सेंटिमीटर सरकते, त्याला नंबराने गुणलं की काच डोळ्याला किती वळवते ते कळतं. जवळ पाहताना माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर ५८ मिलिमीटर आणि काचांच्या मध्यांमधलं ६६ असेल, तर +२.५० मध्ये एकूण दोन प्रिझमचा (काच नजर किती वळवते त्याचं माप) ताण येतो. डोळ्यांना नाकाकडे उगाच जास्त वळावं लागतं. आडवा फरक थोडाफार सोसतो. उभा अजिबात सोसत नाही. एक मध्य वर, एक खाली असेल तर दोन-दोन ओळी दिसतात, डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो, ‘चष्मा लागला नाही.’ नंबर बरोबर असूनही चष्मा परत येण्याचं हे मोठं कारण आहे. अगदी स्वस्त मालात हा दोष हमखास सापडतो, म्हणून घाऊक खरेदीआधी निदान वीस नग तपासून बघा.

आता माणसाची तपासणी. आधी लांबची नजर, मग जवळची. हा क्रम उलटा करू नका. सहा मीटरची दोरी घ्या, एक टोक भिंतीला, दुसऱ्या टोकाला माणूस बसवा. तक्त्यावर १७.५ मिलिमीटर उंचीचा इंग्रजी ‘ई’ चार दिशांना फिरवून छापलेला असावा. अक्षरओळख नसलेला माणूसही बोटांनी दिशा दाखवतो. एकेक डोळा झाकून पाच वेळा विचारा. चार बरोबर आले तर त्या डोळ्याची नजर ६/१२ (निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून बरी. डोळा तळहाताने झाकायला सांगा, पण बोटांच्या फटीतून बघितलं जातं, तिकडे लक्ष ठेवा.

चार बरोबर आले नाहीत, तर काळ्या पुठ्ठ्याला सुमारे सव्वा मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून पाहायला द्या. भोकातून दिसायला लागलं तर बहुतेक लांबचा नंबर आहे. भोकातूनही दिसत नसेल तर मोतीबिंदू किंवा आतल्या पडद्याचा आजार असू शकतो. दोन्ही वेळी तयार चष्मा देऊन बोळवण करायची नाही. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणीला पाठवायचं. बाहुली पांढरट दिसणं, लाल दुखरा डोळा, अचानक कमी झालेली नजर, मधुमेह असून पडदा कधीच तपासलेला नसणं, एकच डोळा चालू असणं: यांनाही चिठ्ठी. वय पस्तिशीच्या आत असून जवळचं दिसत नसेल तर तेही पुढे पाठवा, ते चाळिशीचं लक्षण नाही.

लांबचं आधी का? मायनस नंबर असलेल्या बाईला पन्नाशीतही चष्म्याशिवाय जवळचं दिसतं. तिला वय बघून +२.०० दिला तर वाचता येणारंही पुसट होईल.

जवळच्या तपासणीला छापील तक्ता ठेवा, त्यावर ४० सेंटिमीटरची दोरी बांधा, सुमारे १.२ मिलिमीटर उंचीचे ‘ई’ छापा. पण खरी तपासणी हातातल्या कामाची. सुई-दोरा, मूठभर तांदूळ, गोळ्यांचं पाकीट आणि माणसाचा स्वतःचा मोबाइल जवळ ठेवा. दाराशी बसवा, उजेड खांद्यावरून यावा, डोळ्यांत नको. अंधाऱ्या समाजमंदिरात तपासलं तर सगळ्यांना अर्धा नंबर (०.५०) जास्त निघतो.

सुरुवात वयावरून: चाळिशीच्या पहिल्या पाच वर्षांत +१.००, पंचेचाळीसनंतर +१.५०, पन्नाशीनंतर +२.००, पंचावन्ननंतर +२.५०. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन भिंग बसलेल्यांना वय काहीही असो, साधारण +२.५० लागतो; मात्र ऑपरेशननंतर दीड महिना जाऊ द्या. अनेकांना नेमकं वय सांगता येत नाही. थोरल्या मुलाचं वय विचारा, अंदाज येतो. मग अर्ध्या अर्ध्याने वर-खाली करा आणि काम जमेल असा सर्वांत कमी नंबर द्या. जास्त नंबरात अक्षर मोठं दिसतं, म्हणून माणूस तोच मागतो. दोन दिवसांनी कळतं की काम नाकाशी आणल्याशिवाय दिसत नाही आणि मान आखडते. वयाच्या अंदाजापेक्षा पूर्ण १.०० जास्त लागत असेल तर लांबचा प्लस नंबर दडलेला असू शकतो, तपासणीला पाठवा.

कामाचं अंतर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ४० सेंटिमीटरवर डोळ्याला अडीच डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं माप) लागतात, ५० वर दोन, ६६ वर दीडच. म्हणजे ४० सेंटिमीटरवर +२.०० लागणाऱ्या माणसाला (उरलेला अर्धा त्याचा डोळाच भागवतो) ५० वर +१.५० पुरतो. सोलापूर-सिन्नरकडची विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेते, तिचं काम साधारण ४० वर. इचलकरंजीत मागावरचा तुटलेला धागा जोडणारा हात लांब करून उभा असतो. कशिदा काढणारी तीस सेंटिमीटरवर. तिघंही पन्नाशीचे असले तरी तिघांचा नंबर वेगळा. ‘वाचता येतं का’ एवढंच विचारून दिलेला चष्मा मागावाल्याच्या कामाचा नाही. ज्या अंतरावर काम करता त्या अंतरावर हात धरा, असं सांगा आणि टेपने मोजा.

या कामाला पैशाचं मोल आहे, हे मोजूनही दाखवलं गेलंय. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्के जास्त वाढली. बांगलादेशातल्या २०२४ च्या अभ्यासात चष्मा मिळालेल्या गटाचं उत्पन्न ३३ टक्क्यांनी जास्त निघालं. देणगी मागायला जाल तेव्हा हे आकडे सोबत असू द्या.

देणगीत जुने वापरलेले चष्मे मात्र घेऊ नका. प्रत्येकाचा नंबर वेगळा, त्यात तिरका नंबर, बायफोकल, ओरखडे; ते धुऊन, मोजून, जुळवण्यात वेळ जातो. २०१२ च्या एका अभ्यासात दान आलेल्या चष्म्यांपैकी जेमतेम ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. तेवढ्या श्रमात नवे चष्मे येतात.

मुलांचं काम या पेटीतून करू नका. मुलांचे डोळे नंबर लपवतात, त्यांची तपासणी प्रशिक्षित माणसाने, गरज असेल तर थेंब घालून करायची. शिवाय मुलांत चष्मा देण्याइतकंच तो टिकणं अवघड. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत चष्मा सांगितलेल्या १०१८ मुलांना सहा ते बारा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा सुमारे ३० टक्केच तो वापरत होती. वर्गात चिडवणं, तुटणं, हरवणं ही नेहमीची कारणं. शाळेत देताना बाईंना आणि आईला सोबत बसवा, फ्रेम मुलाला निवडू द्या.

चष्मा हातात देताना दोन मिनिटं बोला. पहिलं, हा घालून चालायचं नाही. लांबचं धूसर दिसतं, पायरीचा अंदाज चुकतो. ‘चक्कर येते’ ही सर्वाधिक येणारी तक्रार याचीच असते. गळ्यात दोरी दिली की माणूस चालताना तो सहज उतरवतो. दुसरं, काच कोरड्या पदराने पुसायची नाही. धूळच घासली जाते. पाणी, थोडा साबण, मग मऊ सुती कापड. काच खाली करून ठेवायची नाही. प्लॅस्टिकच्या काचेला ओरखडा पटकन पडतो, म्हणून कडक डबी द्याच, कापडी पिशवी पुरत नाही.

काड्या कानामागे बसवून द्या. टोक गरम पाण्यात धरून वाकवता येतं, पण काही स्वस्त फ्रेम वाकत नाहीत, मोडतात. आधी एका नगावर करून बघा. पेटीत बारीक स्क्रूड्रायव्हर, सुटे स्क्रू, नाकाच्या पट्ट्या आणि छोटी पक्कड ठेवा. घामाने बिजागरी गंजते, स्क्रू सैल होऊन पडतो, आणि दोन रुपयांच्या स्क्रूसाठी चष्मा बाद होतो. गावातल्या बचत गटातल्या एका बाईला हे स्क्रू आणि ते बसवायची रीत शिकवून ठेवा.

पैसे घ्यावेत की नाही यावर मतं वेगळी आहेत. थोडे घ्यावेत, हप्त्यानेही, बचत गटातून. ज्याला अजिबात जमत नाही त्याला फुकट, आणि कोणाला फुकट दिला ते चारचौघांत कळता कामा नये. पैसे घेतले की माणूस फ्रेम निवडतो, नाकावर टोचते म्हणून सांगतो, बिघडला तर हक्काने परत आणतो. फुकटात तो संकोचाने गप्प बसतो.

नोंदवहीत नाव, वय, काम, कामाचं अंतर, दोन्ही डोळ्यांची लांबची नजर, दिलेला नंबर, चिठ्ठी कुठे दिली, एवढे रकाने पुरतात. महिन्याने त्याच गावात परत जा. चिठ्ठी दिलेल्यांपैकी रुग्णालयात कोण पोचलं ते आधी विचारा, मग चष्मे पाहा. ज्याच्या काचेवर धूळ नाही आणि काडी घामाने फिकी झाली आहे, तो चष्मा वापरात आहे. पाचेक वर्षांनी यांतल्या बऱ्याच जणांचा नंबर साधारण ०.५० ने वाढलेला असेल. तेव्हाची पेटी याच वहीवरून भरायची.